आजीची म्हणून सांगितलेली नाणी

विजयमालानं ते गाठोडं सोडलं ते चांगल्याच मनानं, असं ती पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत राहिली. पण चांगल्या मनाचं काम माणूस दार लावून करत नाही, आणि त्या दुपारी तिनं खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं.

गाठोडं धनीबाईचं होतं. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावहून रिसोडकडे जाताना जे गाव लागतं, त्या गावात दौलतरावांचं घर. विजयमाला त्यांची बायको. गावापासून नाला ओलांडला की बंजाऱ्यांचा तांडा. पावसाळ्यात तांड्यातल्या बाया दौलतरावांच्या सोयाबीनमध्ये निंदायला यायच्या, आणि त्यांची पुढारी धनीबाई. दिवाळी झाली की तांड्यातली निम्मी घरं कुलपं लावून ऊसतोडीला जायची, ती होळीनंतर परतायची. निघायच्या आदल्या दिवशी धनीबाई यायची आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं हे मूठभर गाठोडं विजयमालाच्या हातात द्यायची.

"तुह्या कपाटात राहू दे, बाई. तिकडे पाचटाच्या कोपीत ना कुलूप ना कडी."

अकरा वर्षं हे असं चाललं होतं. आत काय आहे ते विजयमालाला माहीत होतं, कारण पहिल्या वर्षी धनीबाईनंच दाखवलं होतं: तांब्याची सतरा नाणी. काही शिवरायी, काही कंपनीच्या काळातले ढब्बू पैसे, दोनचार मधे भोक असलेले. ज्यांना भोक नव्हतं त्यांना कडी झाळून बसवली होती. धनीबाईच्या आईच्या कांचळीवर, म्हणजे चोळीवर, ती टाचलेली होती. कांचळी कधीच विरून गेली, नाणी राहिली. धनीबाई आईला याडी म्हणायची. "याडीचे पैसे" एवढंच त्या गाठोड्याचं नाव.

अकरा वर्षांत विजयमालानं ती गाठ एकदाही सोडली नव्हती. या वर्षी सोडली ती साधनामुळे.

साधना तिची धाकटी जाऊ. वाशीमला राहायची. मागच्या संक्रांतीला तिनं हळदीकुंकवात हॉलच्या एका कोपऱ्यात जुन्या वस्तू मांडल्या होत्या. पितळी डबे, अडकित्ता, दगडी खल. आलेल्या बाया हळदीकुंकू विसरून त्या कोपऱ्याचे फोटो काढत होत्या. विजयमाला घरी आली ती गप्पगप्पच. तिच्या सासूबाईंच्या वेळचं तांब्यापितळेचं केवढं तरी होतं घरात. ते तिनंच, घासायचा कंटाळा म्हणून, एकेक करून भांडेवाल्याला दिलं होतं आणि स्टीलचे डबे घेतले होते. आता यंदाचं हळदीकुंकू तिच्याकडे होतं, साधनाही येणार होती, आणि दाखवायला घरात काही नव्हतं.

कपाट उघडलं की ते गाठोडं समोरच दिसायचं.

तिनं गाठ सोडली तेव्हा तिला पहिल्यांदा वाईटच वाटलं. काळीमिट्ट, चिकट नाणी. खाचांमधे हळद वाळून बसलेली. दोन नाण्यांच्या कडेला हिरवट डाग, कापडालाही हिरवं लागलेलं. तिला वाटलं, बिचारीला वेळ कुठं मिळतो? आपण स्वच्छ करून देऊ, खुश होईल. देवाचा तांब्या ती दर शुक्रवारी चिंच-मिठानं घासायचीच. तेच केलं. वाटीत लिंबू पिळलं, मूठभर मीठ टाकलं, नाणी भिजत घातली, मग चिंचेनं आणि शेवटी भांड्याच्या घासणीनं घासघास घासली. पाणी आधी काळं, मग हिरवं झालं. आणि नाणी निघाली ती अशी, जणू काल पाडली. तांबूस, गुलाबी, डोळ्यांत भरणारी. तिनं ती पुसली न पुसली तशी काळ्या मखमलीवर मांडून पाहिली आणि तिचा जीव सुखावला.

हळदीकुंकवाला तसंच झालं, जसं तिच्या मनात होतं. बाया वाकून वाकून बघत होत्या. साधना सगळ्यात जास्त वेळ थांबली.

"ताई, हे कुठले हो? मी कधी पाहिले नाहीत या घरात."

एक क्षण होता. तेवढ्यात "धनीबाईचे" हा शब्द सहज बसला असता. विजयमालाच्या तोंडून निघालं, "माझ्या आजीचे. माहेरहून आणले."

"अय्या, जपून ठेवले तुम्ही," साधना म्हणाली आणि तिनं नाण्यांचं ताट विजयमालाच्या हातात देऊन फोटो काढला. तो तिनं लगेच पाठवलाही. बाया गेल्यावर विजयमालानं तो फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावला, खाली लिहिलं, "आजीचा वारसा". दिवेलागणीला स्वयंपाक करता करता ती दर पाच मिनिटांनी बघत होती, कोणी कोणी पाहिला. माहेरची माणसं, भिशीतल्या बाया, वाशीमची डॉक्टरीण. आणि खालून चौथं नाव: शीला तांडा.

शीला धनीबाईची सून. तिचा नंबर विजयमालाच्या फोनमधे होता, कारण निंदणीला किती बाया येणार हे तीच कळवायची. ती यावेळी शेकडो किलोमीटरवर उसाच्या फडात होती. आणि तिनं सासूच्या आईची नाणी विजयमालाच्या हातातल्या ताटात, विजयमालाच्या आजीच्या नावानं पाहिली होती.

तव्यावर पोळी करपली. विजयमालानं स्टेटस काढून टाकलं, पण पाहिलेलं कसं काढणार? कानाच्या पाळ्यांपर्यंत तिला गरम वाटत होतं. आता फोन येईल, धनीबाई बोलेल, असं म्हणून ती तीन दिवस फोन पदराशी घेऊन फिरली. फोन आला नाही. आला तो पंधरा दिवसांनी, शीलाचाच.

"बाई, आमच्या घरावरचं एक टिनपत्र वाऱ्यानं उडालं म्हनतात. कोनाले पाठवून जरा पाहून घ्यान काय?"

"पाहते ना. आजच पाठवते," विजयमाला म्हणाली. मग पुढं काही येतंय का, याची वाट बघत थांबली.

"बरं मंग, ठेवते," शीला म्हणाली.

बस, एवढंच. शीला काही म्हणाली असती तर विजयमालानं काहीतरी सबब सांगितली असती. तिनं ती तयारच ठेवली होती. न विचारलेल्या प्रश्नाला सबब कशी सांगायची?

त्याच दिवशी तिनं नाणी परत गाठोड्यात बांधून ठेवावीत म्हणून काढली. हळदीकुंकवानंतर ती तिनं एका प्लास्टिकच्या चेनवाल्या पिशवीत टाकून ठेवली होती, चमक जाऊ नये म्हणून. पिशवी उघडली आणि नाणी खिडकीच्या उजेडात धरली. नाण्यांवर फिकट हिरवी भुकटी आली होती. पूर्वीच्या डागांसारखी नाही; ते गुळगुळीत, घट्ट होते. ही पिठासारखी होती, बोटाला लागत होती. भुकटी झटकली की खाली बारीक खड्डा. सतरापैकी अकरांना ती लागली होती. एका शिवरायीवरचं 'शिव'मधलं 'शि' हे अक्षर अर्धं दिसेनासं झालं होतं.

तिनं पुन्हा लिंबू-मीठ लावलं. नाणी पुन्हा चमकली. चार दिवसांनी पुन्हा हिरवी, आणि आता जास्त.

तेव्हा तिला हरीओम आठवला. रिसोडला बसस्टँडमागं त्याचं इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांचं दुकान. त्यांच्या घरची बॅटरी त्याच्याकडचीच. त्याच्या गल्ल्यामागच्या भिंतीवर काचेच्या पेटीत जुनी नाणी लावलेली तिनं पाहिली होती. दौलतरावांना दवाखान्याचं निमित्त सांगून ती एकटीच एसटीनं गेली.

हरीओम चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं कागदावर नाणी मांडली, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ एकेक नाणं कडेला धरून बघत राहिला.

"काकू, कोनाचे हे?"

"माह्या आजीचे." दुसऱ्यांदा सांगताना ते अधिकच सोपं गेलं, आणि तेच तिला लागलं.

"तुमची आजी तांड्यातली होती काय?"

त्यानं टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं. "म्हनजे कड्या पाहा ना," तो म्हणाला, "अशी झाळ कांचळीवर टाचायच्या पैशालेच राह्यते. म्हनून इचारलं."

विजयमाला कागदाकडे बघत राहिली. दुकानात एक गिऱ्हाईक येऊन गेलं. हरीओमनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्यानं ओळखलं होतं, आणि ओळखल्याचं दाखवलं नाही. त्या दुकानातून तेव्हाच उठून जावंसं तिला वाटलं. पण नाणी तिथं मांडलेली होती.

"काय लावलं याले?" त्यानं विचारलं.

"लिंबू. मीठ. चिंच."

"अन् घासले?"

"घासले."

"अन् प्लास्टिकात ठेवले." त्यानं सुस्कारा सोडला. "मिठानं घात केला, काकू. लिंबानं तांब्याचं वरचं कातडं निंगालं अन् मीठ आत शिरलं. आता हवेतला ओलावा लागला का थे आतून खाते. तुमी वरून घासता, थे अजून आत जाते. आधी याच्यावर तेलाचा थर होता ना? काळा, चिकट?"

"हो. अन् दोन पैशांवर हिरवे डाग."

"थोच तं राखून होता याले. त्याच्याखालचे दोन हिरवे डाग होते म्हनता, थे घट्ट होते, थे काही करत नोते. थे तसेच राहू द्याचे असतात."

कुणीतरी आपल्या हातानं करून ठेवलेली राखण आपण घाण समजून खरवडून काढली, हे तिला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, घाम आल्यासारखं.

"आता?" तिनं विचारलं.

"आता सबुरी," हरीओम म्हणाला. बॅटरीत घालायच्या डिस्टिल वॉटरचे दोन कॅन त्यानं तिच्यासमोर ठेवले. काचेच्या भांड्यात हे पाणी घ्यायचं, नाणी एकमेकांना न लागता ठेवायची, रोज पाणी बदलायचं. नळाचं पाणी नाही, बोरचं तर मुळीच नाही, त्यात क्षार. मऊ झालेली हिरवी भुकटी दात कोरायच्या लाकडी काडीनं, भिंगाखाली, टोकानं टोकानं काढायची. तार नाही, ब्रश नाही, घासणी नाही. हिरवं येणं थांबेपर्यंत हेच. थांबलं की खडखडीत वाळवायची आणि शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून सुती कापडात ठेवायची. "अन् बोटानं मधे धरू नका. कडेले धरा. घामातही मीठ असते."

"चमक?"

"चमक विसरा. काळे होतीन हळूहळू, तेच बरं. पन खड्डे भरत नाईत, काकू. अन् थे अक्षर येनार नाई."

माघापासून होळीपर्यंत विजयमालाचं दुपारचं जेवण झालं की खिडकीपाशी तेच काम. काचेची बरणी, भिंग, काडी. पहिल्या आठवड्यात पाणी रोज हिरवट व्हायचं. तिची मान दुखायची, डोळ्यांत पाणी यायचं. एकेका नाण्याची तिला ओळख झाली. एकाची कडी वाकडी होती, एकावर दाताचा ठसा होता, एक मधोमध इतकं झिजलेलं की कुणीतरी वर्षानुवर्षं तिथंच अंगठा फिरवला असावा. आता तिच्या लक्षात यायला लागलं की या खुणा बघायच्या आधीच तिनं ती घासून टाकली होती.

"काय, सोनं निंगून राह्यलं काय त्याच्यातून?" दौलतराव जाता येता म्हणायचे. नाणी धनीबाईची, एवढं त्यांना ठाऊक होतं. आजीचं त्यांना ठाऊक नव्हतं. विजयमालानं सांगितलंही नाही. नवऱ्यापासून लपवण्यासारखं तिच्या आयुष्यात आजवर काही घडलंच नव्हतं, त्यामुळे ती लपवतानाही चाचपडायची.

होळी झाली. ट्रक परतले. तांड्यात चुली पेटल्याचा धूर नाल्यावरून दिसायला लागला. हिरवं येणं बऱ्यापैकी थांबलं होतं. सोळा नाणी कोरडी, मंद तपकिरी झाली होती. एक भोकाचा पैसा तेवढा ऐकत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी धनीबाई आली. उन्हानं रापलेली, हातांवर उसाच्या पानांचे चरे. विजयमालानं तिला पाहिलं आणि बरणी खिडकीत ठेवून ती बाहेर आली. काय काय बोलेल, याची तिनं दोन महिने उजळणी केली होती. चोर म्हणेल. ओरडेल. ओरडलेली बरी.

धनीबाई ओसरीवर टेकली आणि हसली.

"बाई, तुह्या आजीचे पैसे पाह्याले आली मी."

विजयमालाला काही कळेना.

"शीलानं दाखवले ना फोनमंधी. म्हने, सासूबाई, हे आपलेच पैसे, बाई आपल्या आजीचे म्हनून दाखवून राह्यली. म्या म्हनलं, येडी झाली काय? आपले असे चमकतात काय? बाईची आजी काय उघडी होती काय, तिचेही असतीन. ऐकेच ना. सगळ्या कोपीवाल्यांपुढं बोलली. मंग म्या चार बायांत तिले असं बोलली, असं बोलली, का दोन दिवस जेवली नाई थे पोरगी." धनीबाईनं कपाळावर हात मारला. "अकरा वर्सं बाई आपलं जपून राह्यली अन् तू तिले चोर म्हनतं? दाखव ना पन. खरंच आमच्यावानी होते, कड्यासुदीक."

म्हणजे त्या गप्प राहण्यात राग नव्हता. विजयमाला ज्या शांततेला दोन महिने घाबरत होती, ती शांतता म्हणजे या बाईचा विश्वास होता.

आणि आणखी एक गोष्ट तिच्या डोक्यात आली, तिची पुढं तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. तिला वाटलं, वाचले. नाणी आता तपकिरी झालीच आहेत. आजीची नाणी भावाकडे परत पाठवली म्हणावं, आणि हे गाठोडं द्यावं. ओलाव्यानं थोडी खराब झाली म्हणावं. चालून जाईल. शब्द अगदी जिभेवर आले होते. धनीबाई तिच्याकडे बघत होती, हसतच.

विजयमाला आत गेली. सोळा नाणी सुती कापडावर होती ती तशीच उचलली, सतरावं बरणीतून काढलं आणि सगळं ओसरीवर धनीबाईपुढं ठेवलं.

"माह्या आजीचे काही नोते, धनीबाई," ती म्हणाली. "शीला खरं बोलली. हे तुहेच. मी घासले, चमकवले, अन् लोकाईले माह्या आजीचे म्हनून सांगितलं. लिंबू-मिठानं याले रोग लागला. थांबवाले पाह्यलं, पन खड्डे पडले."

धनीबाईचं हसू लगेच गेलं नाही. ते तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र बदलले. तिनं एकेक नाणं उचललं. उलटंपालटं केलं नाही, नाकाशी नेलं.

"तेलाचा वास गेला," ती म्हणाली.

तिनं नाणं कापडावर परत ठेवलं.

"ऊस तोडाले निंगाच्या आदल्या दिवशी आमच्या घरच्या सगळ्या बाया करडीच्या तेलात बोट बुडवून एकेका पैशाले लावत. हळद अन् तेल. याडीनं लावलं, तिच्या सासूनं लावलं. मी लावते, शीला लावते. थे धुवाचं नसते." तिनं ते मधोमध झिजलेलं नाणं तळहातावर ठेवलं. "याडी मेली तवा मी फडात होती. मले तोंड नाई दिसलं तिचं. याच्यावर तिचं बोट होतं, बाई."

दौलतराव दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. ते आत गेले.

"तुह्या घरी दाखवाले काहीच नोतं काय?" धनीबाईनं विचारलं. रागानं नाही. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. एवढं मोठं घर, एवढी जमीन, आणि या बाईला आपली सतरा ढब्बू नाणी कशाला लागावीत?

"नोतं," विजयमाला म्हणाली. ते तिच्या आयुष्यातलं सगळ्यात खरं उत्तर होतं आणि ते देताना तिला आपल्याच ओसरीवर उभं राहवेना.

धनीबाईनं नाणी कापडात गोळा केली. उठली. पायरी उतरली आणि थांबली.

"शीलाले मी नाई सांगनार. तू सांग. म्या तिले चार बायांत बोलली, तू चार बायांत सांग."

ती गेल्यावर दौलतराव म्हणाले, "बोलाव त्या शीलाले इथं. आपन तांड्यात जाऊन हात जोडाचे काय? गावात काय तोंड दाखवाचं?"

"तोंड तं मी स्टेटसवर दाखवलं," विजयमाला म्हणाली. "आता थे कुठं लपवू?"

पण जायच्या आधी तिनं साधनाला फोन लावला. सांगायला अर्धं मिनिट लागलं. साधना फोन घेऊन आतल्या खोलीत गेली असावी, दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "असू द्या हो ताई, कोणाला कळणार आहे?" त्या समजुतीच्या स्वरानं विजयमालाला आणखीच ओशाळं झालं. "मीच सांगतेय ना सगळ्यांना," ती म्हणाली, आणि भिशीच्या ग्रुपवर तिनं दोन ओळी लिहिल्या: ती नाणी माझ्या आजीची नव्हती, तांड्यातल्या धनीबाई यांची होती, मी खोटं सांगितलं. कुणी उत्तर दिलं नाही. एकीनं हात जोडल्याचं चित्र टाकलं, त्याचा अर्थ काय घ्यायचा ते तिला कळलं नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती नाला ओलांडून गेली. बावन्न वर्षांच्या वयात तांड्यात ती दोनदाच गेली होती, दोन्ही वेळा लग्नाला, जीपमधून. आज पायी, हातात डिस्टिल वॉटरचा कॅन, पिशवीत बरणी आणि भिंग. धनीबाईच्या अंगणात सातआठ बाया बसल्या होत्या. कुणाला बोलावलेलं दिसत नव्हतं, पण सगळ्या होत्या. शीला चुलीपाशी होती. ती उभी राहिली आणि तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

विजयमालाला बसायला बाज टाकली. ती बसली नाही.

"शीला, तू फोटो पाहून जे म्हनलं ते खरं होतं. पैसे तुह्या घरचेच. मी खोटं बोलली. माह्यामुळं तुले बोल खावा लागला." तिनं कॅन खाली ठेवला आणि हात जोडले. "तुही माफी मागते."

बायांत कुणीतरी "अगं माय" म्हणालं. शीला पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. तिला या माफीचं काय करायचं तेच कळत नसावं.

"मले माईत होतं," ती शेवटी म्हणाली. "फोटोतल्या एका पैशाची कडी वाकडी होती. थे माह्या लेकराकडून वाकडी झाली होती." ती सासूकडे वळली. "मी सांगत होती ना."

"सांगत होती," धनीबाई म्हणाली. त्या दोन शब्दांत तिनंही काहीतरी फेडलं, हे विजयमालाला जाणवलं.

मग विजयमालानं बरणी काढली. "एक पैसा अजून ऐकत नाई. त्याचं काम राह्यलं हाये. मी रोज येऊन—" असं म्हणत तिनं धनीबाईपुढं उघडलेल्या कापडावरच्या भोकाच्या पैशाकडे हात नेला.

शीलानं तो आधी उचलला. हिसकावला नाही, फक्त आधी उचलला.

"तुमी सांगा," ती म्हणाली. "मी करते."

विजयमालाचा हात तसाच अधांतरी राहिला. मग तिनं तो मागे घेतला आणि ती बाजेच्या कडेवर बसली. तिनं सांगितलं; पाणी किती, काडी कशी धरायची, भुकटी कुठली काढायची आणि घट्ट हिरवं कुठलं तसंच ठेवायचं. शीलाचे हात उसानं राठ झालेले, पण काडी तिच्या हातात इतकी हलकी चालत होती की विजयमालाला दोन महिन्यांत तसं जमलं नव्हतं. शेजारच्या बाया वाकून बघत होत्या. कुणी विजयमालाशी बोलत नव्हतं, आणि कुणी तिला जा असंही म्हणत नव्हतं.

ती चैत्रभर जात राहिली, दर सोमवारी, रिसोडहून आणलेलं पाणी घेऊन. दर वेळी बाज टाकली जायची, दर वेळी ती नुसती बसून सांगायची. नाण्यांना हात लावायला तिला कुणी दिलं नाही आणि तिनं मागितलंही नाही. गावात दोनचार जणी तिला बघून बोलायच्या थांबायच्या. तेही हळूहळू अंगवळणी पडलं, पण लाज काही गेली नाही. नाला ओलांडताना दर सोमवारी नव्यानं यायची.

वैशाखाच्या सुरुवातीला एका सोमवारी शीलानं भिंगातून बघून सांगितलं की हिरवं आठ दिवसांत आलं नाही. भोकाचा पैसा एका बाजूनं कुरतडल्यासारखा झाला होता, पण टिकला होता. धनीबाईनं तो उन्हात ठेवला, तापेपर्यंत. मग आतून वाटीत तेल आणलं.

"मशीनचं?" विजयमालानं विचारलं.

"करडीचं," धनीबाई म्हणाली. "आमचंच."

विजयमाला बाजेच्या कडेला सरकली. धनीबाईनं बोट बुडवलं, शीलानं बुडवलं, घरातल्या आणखी दोन बायांनी बुडवलं, आणि सतरा नाणी एकेक करून त्यांच्या हातांतून फिरली. मधे कुणी विजयमालाकडे पाहिलं नाही. तिनं बरणी आणि भिंग पिशवीत घातलं, रिकामा कॅन उचलला.

"कॅन राहू दे," धनीबाई तिच्याकडे न बघता म्हणाली. "पानी भराले कामी येईन."

विजयमालानं कॅन भिंतीला लावून ठेवला आणि ती निघाली.